मंदावलेला लॅपटॉप आणि विषाणूची शंका

शाळेतील लॅपटॉप सुरू करून पडदा उजळेपर्यंत अर्धी तासिका निघून जाते, पाठाची चित्रफीत अडखळत चालते, आणि वर्गातील मुले चुळबुळ करू लागतात. अशा वेळी ‘यात विषाणू शिरला आहे’ असा निष्कर्ष बहुतेक ठिकाणी तत्काळ काढला जातो. पुढचा मार्गही ठरलेला असतो. तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नेऊन ते ‘फॉरमॅट’ करविले जाते. म्हणजे त्यातील सर्व मजकूर पुसून कार्यप्रणाली नव्याने बसविली जाते. यंत्र काही दिवस बरे चालते. परंतु मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचे तक्ते आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे त्याबरोबर नाहीशी होतात, व ती परत मिळवून देणे कोणाच्याही हाती राहत नाही. म्हणून निष्कर्षापूर्वी निरीक्षण कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एखादा मुलगा वाचनात मागे पडला, तर त्यास मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी त्याची दृष्टी तपासावी, तो उपाशी येतो काय हे पाहावे, असे आपणांस अध्यापक विद्यालयात शिकविले गेले. यंत्राच्या बाबतीतही तेच धोरण ठेवावे. ते केव्हा मंदावते, हे प्रथम पाहावे. केवळ सुरू होताना मंद असेल, तर आपोआप चालू होणाऱ्या आज्ञावलींची गर्दी हे कारण संभवते. केवळ इंटरनेट वापरताना मंद असेल, तर दोष बहुधा जोडणीचा असतो. अर्ध्या तासाने तापून मंदावत असेल, तर आतील पंखा तपासून घ्यावा. एका दोनशिक्षकी शाळेतील यंत्र ‘विषाणूग्रस्त’ म्हणून दोनदा पुसण्यात आले होते. तिसऱ्या वेळी उघडून पाहिले, तेव्हा पंख्याच्या जाळीत खडूच्या भुकटीचा थर आढळला. यंत्र फार तापले म्हणजे त्यातील प्रक्रियक स्वतःच आपली गती कमी करतो, हे त्या दुकानदारास ठाऊक नसेल असे वाटत नाही.

निरीक्षणाचे साधन यंत्रातच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे स्तंभ असतात. कोणत्याही स्तंभाच्या शीर्षकावर टिचकी मारली की अधिक भार घालणारी आज्ञावली सर्वांत वर येते. डिस्क शंभर टक्क्यांवर अडून राहिली असेल आणि वर विंडोजच्या अद्ययावतीकरणाचे नाव असेल, तर यंत्र चार्जरला जोडून ते काम पुरे होऊ द्यावे. दोन निरनिराळ्या विषाणूरोधक आज्ञावली एकाच वेळी चालू असतील, तर त्या परस्परांच्या कामात अडथळा आणतात, एकच ठेवावी. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क आणि चार जीबी मेमरी असलेल्या यंत्राकडून फार अपेक्षा करणेही योग्य नव्हे.

तथापि विषाणूमुळे यंत्र मंदावतच नाही, असा याचा अर्थ कोणी करू नये. १९८६ साली लाहोर येथे तयार झालेल्या ‘ब्रेन’ या विषाणूमुळे फ्लॉपीचे काम संथ होत असे. त्याहून बोधप्रद उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ चे आहे. त्या दिवशी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी एक आज्ञावली तत्कालीन इंटरनेटवर सोडली. तिच्यात फाइली पुसण्याचा कोणताही आदेश नव्हता. यंत्रात आपली प्रत आधीच आहे काय, हे ती विचारीत असे. परंतु कोणी खोटेच ‘होय’ सांगून तिला परतवील या शंकेने, सातांपैकी एका वेळी उत्तर काहीही आले तरी तिने तेथेच राहावे, अशी योजना त्याने केली होती. सातांतील तो एक वाटा पुरेसा ठरला. एकाच यंत्रात प्रतींवर प्रती साचत गेल्या, प्रत्येक प्रत गणनशक्तीचा हिस्सा मागू लागली, आणि सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी वर्तविण्यात आला. आजकालही आभासी चलन मिळविण्यासाठी दुसऱ्याच्या यंत्राची शक्ती चोरून वापरणाऱ्या आज्ञावली असतात, व त्यांच्यामुळे सीपीयूचा भार विनाकारण चढलेला दिसतो.

परंतु परवलीचे शब्द चोरणाऱ्या आज्ञावली यंत्र मुळीच मंदावू देत नाहीत. घरात शिरलेला चोर भांडी वाजवीत नाही. म्हणून गतीपेक्षा पुढील खुणांकडे अधिक लक्ष द्यावे. ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलणे, काहीही उघडलेले नसताना जाहिराती झळकणे, विंडोज सिक्युरिटी बंद पडून पुन्हा चालू न होणे, आणि पेनड्राइव्हमधील फोल्डरांच्या जागी बाण असलेली ‘शॉर्टकट’ चिन्हे दिसणे, या त्या खुणा होत. शेवटच्या प्रकारात फाइली कित्येकदा नष्ट झालेल्या नसतात, केवळ लपविलेल्या असतात. त्या चिन्हावर टिचकी मारल्याने मात्र विषाणू कार्यान्वित होतो. म्हणून पेनड्राइव्ह तसाच काढून ठेवून जाणकारास दाखवावा.

खुणा आढळल्यास इंटरनेटची जोडणी प्रथम तोडावी, आणि शासकीय संकेतस्थळांवर वा बँकेच्या खात्यात त्या यंत्रावरून प्रवेश करू नये. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक ज्या नोंदींत आहेत, त्यांची जबाबदारी आपली आहे. लेख, तक्ते व छायाचित्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. आज्ञावलींची घेऊ नये. नंतर विषाणूंची ताजी सूची उतरवून घेण्यापुरती जोडणी द्यावी, आणि विंडोज सिक्युरिटीतील ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि विंडोज पूर्णपणे जागे होण्याआधीच तपासणी होते; त्यामुळे दडून बसलेला विषाणू तिला अडवू शकत नाही. यास साधारण १५ मिनिटे लागतात. केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साधनेही विनामूल्य मिळतात, हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले. परवलीचे शब्द नंतर बदलावेत, आणि तेही दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. एवढ्याने भागले नाही, तरच फॉरमॅटचा विचार करावा. ज्या शाळांत अद्याप विंडोज १० आहे, त्यांनी तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानात ठेवावे.

इयत्ता सातवीस हा विषय खेळातून देता येतो. एका मुलास पडद्याआड बसवून गुणाकार सांगावेत, व उत्तरास लागणारा वेळ बाहेरच्या मुलांनी मोजावा. दुसऱ्या फेरीत त्यास ‘ही चिठ्ठी दोनदा लिही’ अशी एक चिठ्ठी द्यावी, आणि प्रत्येक गुणाकारापूर्वी हाती असलेल्या सर्व चिठ्ठ्यांची आज्ञा पाळावयास सांगावी. एकीच्या तीन, तिहींच्या नऊ होतात, आणि चौथ्या गुणाकारापर्यंत वर्ग हसू लागतो. तिसऱ्या फेरीत चिठ्ठ्या काढून घ्याव्यात, व त्याऐवजी हजेरीपटावरील नावे मोजणे, पाटी पुसणे अशी शाळेचीच कामे अधूनमधून द्यावीत. मग बाहेरच्यांना विचारावे, चिठ्ठ्या कोणत्या फेरीत होत्या? केवळ वेळ मोजणाऱ्यांना ते खात्रीने सांगता येत नाही. पडदा बाजूस सारल्यावर काय दिसले, ते मुलांकडूनच वदवून घ्यावे.

प्रत्येक शाळेने लॅपटॉपसोबत एक साधी वही ठेवावी. यंत्र कोणत्या दिवशी, कोणते काम चालू असता मंदावले, टास्क मॅनेजरमध्ये सर्वांत वर कोणते नाव होते आणि कोणाचा पेनड्राइव्ह लावला होता, एवढेच तीत लिहावे. दुरुस्तीस यंत्र पाठविताना ती सोबत द्यावी, आणि पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस येताना मुख्याध्यापकांनी ती बरोबर आणावी.