स्वतःचे संकेतस्थळ आणि प्लगइनांचा विवेक

लेखन टिकवावयाचे म्हणजे ते कोठेतरी जपून ठेवले पाहिजे. आणि जेथे ठेवावयाचे ती जागा शक्य तितकी आपल्या ताब्यातील असली पाहिजे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट विशेष जाणवते. शाळांची वार्षिके, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, हौशी नाट्यमंडळांची हस्तपत्रके, आजोबांनी लिहिलेल्या आठवणी या साहित्याच्या प्रती मुळातच थोड्या. त्यांतील काही वाळवीने खाल्ल्या, काही घर बदलताना रद्दीत गेल्या. आज हे साहित्य टंकलिखित करून किंवा त्याची छायाचित्रे घेऊन महाजालावर ठेवता येते, आणि बडोद्यातील अंक बेळगावातील वाचकाला क्षणात वाचता येतो. परंतु तेथे ठेवलेले सर्व काही आपोआप टिकते असे मात्र नाही.

एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. जिओसिटीज नावाच्या सेवेने १९९४ सालापासून लोकांना आपली पाने मांडण्यासाठी विनामूल्य जागा दिली. लक्षावधी लोकांनी तेथे हौसेने पाने रचली. १९९९ मध्ये याहू या कंपनीने ती सेवा विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ती सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून पुष्कळशी पाने वाचविली. परंतु ज्यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती, त्यांचा निरुपाय झाला. परक्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान मालकाच्या इच्छेवर चालते, हा त्यातील बोध होय.

म्हणून अनेक संस्था आणि व्यक्ती स्वतःचे संकेतस्थळ चालवितात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, संकेतस्थळाचे नाव. त्याचे शुल्क बहुधा दरवर्षी भरावे लागते. दुसरी, सदैव चालू असणाऱ्या संगणकावरील भाड्याची जागा. तिसरी, लेखांची मांडणी करणारी आज्ञावली. या तिसऱ्या कामासाठी जगात अतिशय प्रचारात असलेली आज्ञावली म्हणजे वर्डप्रेस. प्रस्तुत लेखात तिचा, आणि विशेषतः तिला जोडावयाच्या ‘प्लगइन’ नावाच्या पूरक आज्ञावलींचा विचार करावयाचा आम्ही योजिला आहे.

वर्डप्रेसचा जन्मच मुळी एका बंद पडत चाललेल्या कामातून झाला. मिशेल वाल्द्रिघी यांनी ‘बी-टू’ नावाची एक आज्ञावली रचली होती. पुढे तिच्याकडे लक्ष देणारे कोणी उरले नाही. मात्र ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली असल्यामुळे कोणीही ती घेऊन पुढे नेण्यास मोकळा होता. अमेरिकेतील मॅट मलनवेग आणि इंग्लंडातील माइक लिटल यांनी तसे केले, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. त्या वेळी मलनवेग यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. पुढील वर्षी, मे २००४ मध्ये, १.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात प्लगइन जोडण्याची सोय झाली.

ही सोय का करावी लागली? प्रत्येकाची गरज निराळी असते. एकाला छायाचित्रांची दालने हवीत, दुसऱ्याला दिनदर्शिका हवी, तिसऱ्याला गणिताची सूत्रे लिहावयाची असतात. हे सारे मूळ आज्ञावलीत कोंबले तर ती अवजड होईल, आणि प्रत्येकाने मूळ आज्ञावलीत आपापले फेरफार केले तर नवी आवृत्ती येताच ते सर्व पुसले जातील. यावर काढलेली युक्ती समजण्यास जुन्या वाड्याचा दृष्टान्त घेऊ. वाडा बांधताना गवंडी भिंतीत जागोजाग खुंट्या बसवितो. पुढे त्या खुंटीवर कोणी कंदील टांगील, कोणी पागोटे ठेवील. भिंत फोडावी लागत नाही. वर्डप्रेसच्या कर्त्यांनी आपल्या आज्ञावलीत अशाच शेकडो खुंट्या ठेविल्या आहेत. प्लगइन आपले काम अशा एखाद्या खुंटीवर टांगतो.

या खुंट्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारची खुंटी म्हणजे एक निमित्त असते. ‘लेख प्रसिद्ध झाला’, ‘पानाचा तळ आला’ अशा ठरलेल्या क्षणी मूळ आज्ञावली जणू हाक देते, आणि त्या खुंटीवर टांगलेली कामे क्रमाने पार पडतात. हा क्रम आकड्याने ठरतो. आकडा न दिल्यास १० धरला जातो, आणि लहान आकड्याचे काम आधी होते. दुसऱ्या प्रकारची खुंटी म्हणजे गाळणी. लेखाचा मजकूर वाचकाकडे जाण्यापूर्वी तिच्यातून जातो, आणि प्लगइन त्यात बदल करून तो पुढे सोडतो.

गाळणीचे एक उदाहरण विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्यासारखे आहे. समजा, जुन्या लेखांतील आकडे इंग्रजी पद्धतीने टंकलिखित झाले आहेत आणि ते देवनागरीत दिसावेत अशी आपली इच्छा आहे. शंभर लेख हाताने दुरुस्त करण्याऐवजी दहा अंकांची अदलाबदल करणारी एक छोटी गाळणी लिहिता येते. मात्र येथे एक खाच आहे. लेखाच्या मजकुरात वाचकाला न दिसणारा भागही असतो. चित्रांचे पत्ते, दुव्यांचे पत्ते हे त्यातच असतात. सरसकट सर्व आकडे बदलले तर त्या पत्त्यांतील आकडेही बदलतील आणि चित्रे दिसेनाशी होतील. तेव्हा दृश्य मजकुरातील आकडे बदलावयाचे आणि कोनी कंसांतील खुणांना हात लावावयाचा नाही, एवढी दक्षता घ्यावी लागते. या पद्धतीचा मोठा गुण असा की, मूळ लेख साठ्यात जसाच्या तसा राहतो; बदल होतो तो फक्त दाखविताना. प्लगइन काढून टाकला की जुने रूप परत दिसते.

आता स्वतःचे संकेतस्थळ चालविणाऱ्यास कोणते प्लगइन खरोखर उपयोगी पडतात ते पाहू.

पहिले काम प्रत ठेवण्याचे. संकेतस्थळाचे दोन भाग असतात. चित्रे, सजावट व प्लगइन हे फायलींच्या रूपात असतात. लेखांचा मजकूर मात्र मायएसक्यूएल किंवा तत्सम माहितीसाठ्यात असतो. या दोहोंची प्रत घेतली तरच ती पुरी. पुष्कळजण चित्रांचा कप्पा उतरवून घेतात आणि लेख सुरक्षित आहेत असे समजतात; तो भ्रम होय. प्रत घेणारे प्लगइन हे काम ठरल्या वेळी आपोआप करतात. मात्र ती प्रत त्याच संगणकावर ठेवू नये. घराला आग लागली तर घरातील तिजोरीतले दस्तऐवजही जळतात. शिवाय त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, हे वर्षातून एकदा तरी दुसऱ्या जागी करून पाहावे.

दुसरे काम वेगाचे. वाचकाने पान मागितले की वर्डप्रेस साठ्यातून मजकूर काढते, त्यावर संस्कार करते आणि पान तयार करते. शंभर वाचकांनी तेच पान मागितले तर हा स्वयंपाक शंभर वेळा होतो. साठवण करणारा प्लगइन एकदा तयार झालेले पान बाजूला ठेवतो आणि पुढील वाचकांना तेच वाढतो. थोड्या भाड्याच्या जागेवर चालणाऱ्या संकेतस्थळास याचा चांगला उपयोग होतो. फक्त लेखात दुरुस्ती केल्यावर जुनेच पान दिसत राहिले तर घाबरू नये. साठवण रिकामी करावी.

तिसरे काम राखणीचे. वाचकांच्या अभिप्रायांसाठी जागा ठेवली की जाहिरातींचा कचरा येऊन पडू लागतो. तो निवडून बाजूला काढण्यासाठी २००५ साली अकिस्मेट हा प्लगइन निघाला. प्रवेशाचा परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा अंदाजाने टाकून पाहणाऱ्यांना अडविणारे प्लगइनही आहेत.

येथवर वाचून कोणास वाटेल की, जितके प्लगइन अधिक तितके संकेतस्थळ उत्तम. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात हजारो प्लगइन विनामूल्य मिळतात, त्यामुळे मोहही होतो. पण प्रत्येक प्लगइन म्हणजे आपल्या घराची किल्ली दिलेला एक गडी आहे. तो माहितीसाठा वाचू शकतो, लिहू शकतो, पुसूही शकतो. याविषयी दोन घटना मननीय आहेत.

‘डिस्प्ले विजेट्स’ नावाचा एक साधा प्लगइन सुमारे २ लाख संकेतस्थळांवर होता. २०१७ मध्ये मूळ कर्त्याने तो दुसऱ्यास विकला. नव्या मालकाने पुढील आवृत्त्यांत गुपचूप असा भाग घातला की, त्याच्या द्वारे परक्या संकेतस्थळांवर जाहिरातींची पाने दिसू लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये तो भांडारातून कायमचा काढण्यात आला. नवा प्लगइन भांडारात दाखल होताना तपासला जातो हे खरे. पण तेवढ्यावर कायमचे निश्चिंत राहता येत नाही, हे यावरून दिसते.

दुसरी घटना सप्टेंबर २०२० ची. ‘फाइल मॅनेजर’ हा प्लगइन ७ लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होता. त्यात दुसऱ्या एका आज्ञावलीसोबत आलेली नमुन्याची फाइल चालू स्वरूपात राहून गेली होती. ती थेट तिच्या पत्त्यावरून चालविता येत असे. त्यामुळे परवलीचा शब्द ठाऊक नसलेला कोणीही संकेतस्थळावर हवी ती फाइल चढवू शकत होता. १ सप्टेंबर रोजी सुधारित आवृत्ती निघाली, परंतु तोवर हल्ले सुरू झाले होते. यात कर्त्यांचा दुष्ट हेतू नव्हता. एक अनावश्यक वस्तू उघडी राहिली एवढेच. म्हणून जो प्लगइन नको झाला, तो नुसता निष्क्रिय करून ठेवू नये, पुसून टाकावा. निष्क्रिय प्लगइनाच्या फायली जागच्या जागी पडून असतातच.

निवड करताना काही गोष्टी पाहाव्यात. शेवटची सुधारणा केव्हा झाली? किती संकेतस्थळांवर तो चालू आहे? लोकांच्या अडचणींना कर्ता उत्तरे देतो काय? वर्डप्रेसच्या अलीकडील तीन प्रमुख आवृत्त्यांबरोबर एखादा प्लगइन तपासलेला नसल्यास भांडारात तशी सूचना दिसते. ती वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. प्रत घेतल्यावरच नवा प्लगइन जोडावा, आणि एका वेळी एकच जोडावा. म्हणजे बिघाड झाल्यास दोष कोणाचा ते कळते. बिघाडाने संकेतस्थळच उघडेनासे झाले तरी मार्ग आहे. मे २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून असा घातक दोष झाल्यास व्यवस्थापकाला ईपत्राने दुरुस्तीचा दुवा येतो. तोही न मिळाल्यास प्लगइनांच्या कप्प्यात जाऊन त्या प्लगइनाच्या कप्प्याचे नाव बदलावे. मूळ आज्ञावलीला तो सापडत नाही आणि संकेतस्थळ बहुधा पुन्हा उघडते.

सर्वांत महत्त्वाचा विचार आम्ही शेवटी ठेविला आहे. काही प्लगइन केवळ दाखविण्याचे काम करतात. काही मात्र लेखाच्या मजकुरातच चौकोनी कंसांतील आपल्या खुणा लिहून ठेवतात. असा प्लगइन बंद पडला की वाचकाला चित्रदालनाऐवजी त्या निरर्थक खुणा दिसू लागतात. दहा वर्षांनी तो प्लगइन असेल याची शाश्वती नाही. लेख मात्र असावेत अशी आपली इच्छा आहे. तेव्हा कसोटी अशी लावावी : सर्व प्लगइन काढून टाकले तरी लेख सरळ वाचता येईल काय? येत असेल तर आपण अवजारांचे धनी आहोत. येत नसेल तर त्यांचे ओलीस झालो आहोत.

शाळेने असे काम हाती घेतल्यास त्याची व्यवस्थाही शाळेसारखीच असावी. वर्डप्रेसमध्ये अधिकारांच्या पायऱ्या मुळातच आहेत. त्यासाठी प्लगइन लागत नाही. विद्यार्थ्यांना लेख लिहिण्याचा पण प्रसिद्ध न करण्याचा अधिकार द्यावा, मराठीच्या शिक्षकांना संपादकाचा, आणि व्यवस्थापकाचा अधिकार दोघांकडे असावा, एकाकडे नव्हे. एका साध्या वहीत प्रत्येक प्लगइनाचे नाव, तो कशासाठी जोडला, कोणी व केव्हा जोडला, आणि संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क कोणत्या महिन्यात भरावयाचे, हे लिहून ठेवावे. दहावीची मुले दरवर्षी शाळा सोडून जातात, शिक्षक निवृत्त होतात. ती वही मात्र पुढच्या वर्गाच्या हाती पडली पाहिजे. अनेक हौशी संकेतस्थळे किल्ल्या कोणाकडे आहेत हेच कोणास ठाऊक नसल्यामुळे मावळतात.

आपल्या घरी जुनी स्मरणिका, वार्षिक किंवा पत्रव्यवहार असल्यास विद्यार्थ्यांनी या सुटीत वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने त्याची यादी करावी आणि एक तरी लेख युनिकोड देवनागरीत टंकलिखित करून आणावा. संकेतस्थळ उभे करणे हे पुढचे काम. त्यावर ठेवण्याजोगे आपल्याजवळ काय आहे, हे आधी हाती आले पाहिजे.