अरणीतला अग्नि

सज्जनहो, काष्ठात अग्नि आहे हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकतो अन् मान डोलावतो. पण तो अग्नि बाहेर येतो कसा, हे कळले म्हणजेच दृष्टांत पदरी पडतो.

यज्ञातला अग्नि अरणीमंथनाने काढतात. शमीवर रुजलेल्या पिंपळाचे लाकूड यासाठी श्रेष्ठ मानले आहे. खालची फळी ती अधरारणी. वरच्या उत्तरारणीचा तुकडा, म्हणजे प्रमंथ, उभ्या दांड्याच्या टोकाला बसवतात. एकाने दांडा वरून दाबून धरायचा अन् दुसऱ्याने त्याला गुंडाळलेली दोरी ताक घुसळावे तशी आळीपाळीने ओढायची. केरळात पांजाळ गावी १९७५ साली झालेल्या अग्निचयनात अग्नि असाच मंथून काढला होता.

माणूस एकटाच असला तर? दोरीची दोन्ही टोके वाकड्या काठीला बांधली की धनुकली झाली. एका हाताने ती ओढायची, दुसऱ्याने दांडा दाबायचा. सुताराचा सामता असाच फिरतो. मिसर देशात १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही अग्नि पाडण्याचे असे साधन मिळाले.

आता वर्म ऐका. घासून पडलेला भुसा आधी तपकिरी, मग काळा होतो व फळीच्या खाचेत साठतो. लाकूड ओले असेल तर उष्णता पाणी आटवण्यातच खर्च होते. ओल आहे तोवर ताप १०० अंशांच्या फारसा वर चढत नाही. हात मध्येच थांबला तर मिळवलेली ऊब निवते, पुन्हा पहिल्यापासून आरंभ! दांडा थांबवल्यावरही भुशातून धूर निघत राहिला, तर निखारा धरला समजावे. तो कोरड्या गवतात अलगद ठेवून हळू फुंकर घालावी. घाई केली की भुसा उडालाच.

म्हणजे लाकडात ज्वाळा लपून बसलेली नसते, जळण्याची शक्ती असते. ऊब येते ती हाताच्या कष्टातून. श्वेताश्वतर उपनिषदात देहाला खालची अरणी, प्रणवाला वरची अरणी व ध्यानाच्या अभ्यासाला मंथन म्हटले आहे. तेव्हा आपण स्वतःलाच विचारावे: नेम मध्येच सुटतो का? विषयांची ओल वाळली का? थोडा धूर दिसताच अग्नि मिळाला असे समजून आपण उठत तर नाही ना? निवलेल्या अरणीवर रागावून काय उपयोग! दोरी पुन्हा हाती घ्यावी, हेच बरे.