चिकित्सालयाची वास्तू : ऊर्जेची बचत व रुग्णाचे स्वास्थ्य

औषधाची निवड अचूक असली, तरी उपचाराची खोली व औषधांचे भांडार प्रतिकूल असेल तर चिकित्सेचे फल उणे पडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात संशोधनापूर्वीची सिद्धता सांगताना प्रथम स्थान गृहाला दिले आहे. ते गृह दृढ असावे, थेट वाऱ्याच्या झोतात नसावे, परंतु एका भागात वायू खेळता असावा. ऊन, धूर व धूळ यांपासून ते मुक्त असावे. विजेची बचत करणाऱ्या इमारतीची आजची तत्त्वे याच वर्णनाच्या अगदी जवळ जातात, हे प्रस्तुत लेखात आम्ही मांडत आहोत.

उष्णता कोठून जाणवते?

शरीराला जाणवणारा उष्मा केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. हवेचे तापमान, भिंती व छत यांतून होणारे प्रारण, हवेची गती, आर्द्रता, वस्त्रे आणि शारीरिक श्रम असे सहा घटक त्यास कारण होतात. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब सायंकाळी, म्हणजे नेमक्या आपल्या रुग्णतपासणीच्या वेळी, उष्णता आत सोडतो. वातानुकूलन यंत्र हवा थंड करते. तापलेले छत मात्र डोक्यावर तसेच राहते. मग यंत्र १८ अंशांवर लावले जाते. रुग्णाच्या मस्तकी ताप आणि अंगावर शीत झोत, अशी विषम अवस्था होते. अभ्यंग-स्वेदन झालेल्या वातव्याधीच्या रुग्णास असा झोत लागणे शास्त्राला सर्वथा अमान्य आहे.

म्हणून आधी ऊन अडवावे, मग हवा खेळवावी आणि त्यानंतरच यंत्राचा विचार करावा.

उपाययोजना

१. छत : उन्हाळ्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने सर्वाधिक ऊन गच्चीवर पडते. पांढऱ्या चुन्याचा लेप अथवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरसबंदी केल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते.

२. पश्चिम बाजू : दुपारनंतरचे ऊन तिरपे येते, त्यामुळे वरचा छज्जा तेथे अपुरा पडतो. बांबूचा चिक खिडकीच्या बाहेरून लावावा. आतला पडदा उन्हाला काचेतून शिरल्यानंतर अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते.

३. वायू : समोरासमोर खिडक्या असल्यास हवा वाहती राहते. रुग्णशय्या मात्र त्या प्रवाहाच्या वाटेत ठेवू नये.

४. यंत्रे : पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवून सुख देतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट, तर बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास वीज घेतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी २४ अंशांची करण्यात आली. तपासणीच्या खोलीत तेवढे तापमान व मंद पंखा बहुधा पुरेसा होतो.

औषधभांडार

चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात औषधगृहाचे द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, तसेच ते अग्नी, जल, बाष्प, धूर, धूळ व मूषक यांपासून दूर असावे, असे सांगितले आहे. आपल्या अक्षांशावर उत्तरेकडून थेट ऊन अल्प येते व पूर्वेचे ऊन सकाळचे, सौम्य असते. त्यामुळे दिशेचा हा नियम द्रव्यरक्षणाच्या दृष्टीनेही सयुक्तिक ठरतो.

उष्णता व प्रकाश यांनी घृत-तैले खवट होतात. क्षार व लवणयुक्त चूर्णे आर्द्रता शोषून गठ्ठे धरतात. म्हणून फडताळे पश्चिमेच्या भिंतीस टेकवू नयेत. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर रुग्णास सुखकर असला, तरी तो हवेत बाष्प मिसळतो. औषधभांडारात त्याचा वापर टाळावा. कोकणात पावसाळ्यात भांडाराच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवणेही अहितकर आहे. तेथे आर्द्रतामापक लावून नोंद ठेवावी.

केंद्र शासनाने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता व २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता प्रसिद्ध केली. नवीन चिकित्सालय बांधताना वास्तुविशारदाशी या संहितांच्या आधारे चर्चा करावी. ज्यांचा गाळा भाड्याचा आहे, त्यांना दिशा बदलता येणार नाही. परंतु बाहेरचा चिक, फडताळांची जागा आणि रुग्णशय्येची मांडणी त्यांच्याच हाती आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी व्यवसायबंधूंनी सायंकाळी पाच वाजता आपल्या भांडारातील तापमान एकदा मोजून पाहावे, ही विनंती.