फाटकाचे खांब कुजू नयेत म्हणून

शेताच्या वाटेवरील फाटक बहुधा फळ्या मोडल्यामुळे पडत नाही. खांब जमिनीलगत कुजल्यामुळे पडते. वरून खांब शाबूत दिसतो, पण एखाद्या दिवशी बैलाचा धक्का लागतो आणि तो बुडातून मोडतो. बीड जिल्ह्यातील पालीसारख्या गावी या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे वृद्ध माणसे राहतात आणि रानात ज्वारी, हरभरा उभा असतो. अशा वेळी फाटक पडले तर मोकाट जनावरे पीक फस्त करतात, आणि खांब पुन्हा रोवण्यास घरी कर्ता माणूस नसतो. म्हणून खांब प्रथमच नीट रोवणे हिताचे होय.

खांब नेमका कोठे कुजतो?

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. बुरशीला अन्न, ऊब, हवा व ओलावा या चारही गोष्टी लागतात. लाकूड हे तिचे अन्न. ऊब आपल्याकडे बारमाही असते. जमिनीत खोलवर ओलावा असला तरी हवा कमी असते आणि वर हवा असली तरी लाकूड लवकर वाळते. हवा व ओलावा दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीच्या पृष्ठभागाजवळ, साधारणपणे वरच्या ३० सें.मी. थरात. खांब तेथेच मोडतो. लाकडातील ओलावा शेकडा २० हून कमी राहिला, तर बुरशी वाढू शकत नाही. यास्तव सर्व उपायांचे सार एकच : लाकडाचे पाय कोरडे ठेवावेत.

आपल्या जुन्या वाड्यांतून हेच तत्त्व पाळलेले दिसते. तेथे लाकडी खांब मातीत पुरलेला नसून दगडी तळखड्यावर उभा असतो. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

लाकडाची निवड

डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत लाकडाचे नमुने जमिनीत अर्धे पुरून त्यांचा टिकाऊपणा पाहण्याची पद्धत आहे. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात धरतात. साग पहिल्या वर्गातील, तर आंबा तिसऱ्या वर्गातील होय. मात्र ही वर्गवारी गाभ्याच्या लाकडाची आहे. सालीलगतचे फिकट लाकूड कोणत्याही झाडाचे असो, ते लवकर कुजते व त्यास कीडही लवकर लागते. बाभळीचा खांब घेतानाही गडद रंगाचा गाभा अधिक असलेलाच घ्यावा आणि पुरावयाच्या भागावरील साल व फिकट लाकूड तासून काढावे.

सागासारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतात असली, तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमानुसार तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

वाळवणे व लेप देणे

तोडलेले लाकूड सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या ठेवून रचावे व निदान सहा महिने वाळू द्यावे. ओल्या लाकडास डांबर फासू नये. त्यामुळे ओल आत कोंडते व खांब आतून कुजतो. वाळल्यावर बुडापासून जमिनीवर ३० सें.मी. येईल इतक्या भागास कोळशाच्या डांबराचे दोन हात द्यावेत. बूड नुसते होरपळून पुरण्याची जुनी रीत पुरेशी नाही.

नुसत्या मोरचुदाचे पाणी लाकडास दिले, तर ते पावसाने धुपून जाते. डेहराडूनच्या याच संस्थेतील शास्त्रज्ञ सोंटी कामेशम यांनी १९३० नंतरच्या दशकात तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण शोधून काढले. ते लाकडात पक्के बसते व पुढे जगभर वापरले गेले. परंतु आर्सेनिक विषारी असल्याने हे काम घरी करू नये आणि असे प्रक्रिया केलेले लाकूड चुलीत कधीही जाळू नये.

खांब रोवण्याची रीत

बालाघाटाच्या उतारावरील मुरमाड जमिनीत पाणी लवकर निचरते. सखल भागातील काळी जमीन मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खांबाभोवती फट पडते व वळवाचे पाणी थेट बुडाशी जाते. म्हणून पुढीलप्रमाणे काम करावे.

१. काम पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्यात करावे.

२. खांबाच्या एकूण लांबीचा सुमारे तिसरा भाग जमिनीत जाईल इतका खोल खड्डा घ्यावा. बिजागरीच्या खांबावर फाटकाचा सर्व भार येतो, म्हणून तो अधिक जाड असावा.

३. तळाशी १५ सें.मी. खडी घालावी. काळ्या जमिनीत या खडीत पाणी साचून डबके होते. तेथे खड्ड्याच्या तळापासून उताराकडे चर काढून तोही खडीने भरावा.

४. खांब ओळंब्यात उभा करून भोवती मुरूम १५ सें.मी.च्या थरांनी भरावा व प्रत्येक थर धुमसाने ठोकावा.

५. माथ्यावर मुरमाचा उंचवटा करून बाहेर उतार द्यावा.

६. सिमेंट वापरल्यास तळ उघडा ठेवावा. लाकूड आकसले की सिमेंट व खांब यांत फट पडते. तळ बंद असेल तर त्या वाटीत पाणी साचून राहते.

७. खांबाचा माथा तिरपा कापावा किंवा त्यावर पत्रा ठोकावा.

याहून उत्तम म्हणजे काँक्रीटच्या पायात दोन जाड लोखंडी पट्ट्या पक्क्या बसवून, त्यांच्यामध्ये खांब जमिनीपासून ५ सें.मी. उंच बोल्टांनी जखडावा. हा आपला आजचा तळखडाच होय.

निगा

खांबाशी शेण, पाचट किंवा कडबा साठवू नये. त्याने ओल टिकते व वाळवी येते. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास, ऊसतोडीला निघण्यापूर्वी, खांबालगतची माती १५ सें.मी. उकरून लाकडास टोचा मारून पाहावा. टोचा सहज आत गेला तर खांब तेव्हाच बदलावा. भेगा मुरमाने बुजवून उंचवटा पुन्हा करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एक मोडका खांब उपटून शेतकऱ्यांना दाखवावा आणि विचारावे : हा नेमका कोठे कुजला? तेथे पाणी कोठून आले? ते कसे अडविता आले असते? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यास मिळाली, त्याच्या फाटकाची चिंता बहुतांशी मिटली.