धम्म-अभ्यास : भिक्षापात्र आणि पेजेची वाटी



२० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली. शोषणातून दुःख निर्माण होते आणि ते नाहीसे झाले पाहिजे, हे मार्क्सचे म्हणणे त्यांना मान्य होते. मतभेद होता तो मार्गाबद्दल. बळाने आणलेली समता बळ ओसरल्यावर टिकेल कशी, हा त्यांचा प्रश्न होता.

एकोणीस वर्षांनी कंबोडिया या बौद्ध देशातील सामान्य माणसांनी हा प्रश्न प्रत्यक्ष भोगला. यादवी युद्ध, अमेरिकी बॉम्बहल्ले आणि गरिबी यांनी खेडी पिचली होती. म्हणून १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजचे सैनिक नॉम पेन्हमध्ये शिरले, तेव्हा युद्ध संपले या आनंदाने अनेकांनी त्यांचे स्वागत केले. त्याच दिवशी शहर रिकामे करण्याचा हुकूम निघाला. इस्पितळातील रुग्णांनाही रस्त्यावर काढण्यात आले.

पैसा, बाजार आणि शाळा बंद झाल्या. पुढे घरची चूलही गेली व सर्वांनी सामुदायिक जेवण घ्यायचे असे ठरले. दिवसभर शेतात राबणाऱ्याच्या वाट्याला पातळ पेज येई. पिकवलेला तांदूळ मात्र सत्ता घेऊन जाई. समतेच्या नावाखाली माणसांचे ‘जुने लोक’ आणि ‘नवे लोक’ असे भाग पाडले. शहरातून आलेला तो ‘नवा’, म्हणून संशयित. माणूस कसा वागतो यापेक्षा तो कोठून आला हे मोठे ठरले. असा शिक्का काय करतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

भिक्खूंना चीवर उतरवायला लावले, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. जानेवारी १९७९ मध्ये ही राजवट कोसळेपर्यंत सुमारे १७ लाख माणसे उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि हत्या यांत गेली.

आता अभ्यासाचा मुद्दा पाहू. भिक्खूजवळही स्वतःचे फारसे काही नसते: तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. कंबोडियातील शेतकऱ्याजवळही जवळजवळ काहीच उरले नव्हते. पण भिक्खू समजून-उमजून, स्वेच्छेने त्याग करतो आणि त्याला संघ सोडण्याची मोकळीक असते. शेतकऱ्याकडून सारे हिसकावले गेले. नकाराची शिक्षा मृत्यू होती. मन बदलल्याशिवाय मालमत्ता बदलली, की मालक तेवढा बदलतो.

भदंत महाघोसानंद त्या काळात थायलंडमध्ये होते. त्यांचे सारे कुटुंब या राजवटीत गेले. तरी सीमेवरील छावण्यांत त्यांनी निर्वासितांना मेत्त सुत्ताची पत्रके वाटली आणि वैर वैराने शमत नाही, ही धम्मपदातील शिकवण त्यांच्यासह म्हटली. चार वर्षे बंदी असलेले पालीचे शब्द ऐकून माणसे रडू लागली. १९९२ मध्ये ते निर्वासितांसह सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत शांतियात्रेने चालत गेले. विहार मोडता आले, पण लोकांच्या मनातला धम्म मोडता आला नाही.

याचा अर्थ शोषणाविरुद्ध गप्प बसावे असा नाही. बाबासाहेबांना समता हवीच होती, पण स्वातंत्र्य आणि बंधुता यांच्यासह.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. स्वेच्छेचा त्याग आणि लादलेला त्याग यांत फरक कोणता?
२. आपल्या संस्थेत ‘जुने’ आणि ‘नवे’ असा भेद होतो का?
३. अन्यायाचा राग मेत्ता न सोडता कसा वापरावा?

भवतु सब्ब मंगलं.