वेगवान गोलंदाजाची पाठ

१९८७ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये, एम.आर.एफ. पेस फाउंडेशन ही वेगवान गोलंदाजांची शाळा निघाली. तिचे मार्गदर्शक डेनिस लिली यांच्या कण्याचे हाड १९७३ मध्ये ताणाने चिरले होते. चेंडू टाकताना पुढचा पाय आदळतो, त्याच क्षणी कंबर वाकते नि पिळली जाते. मणक्याची मागची कमान या वारंवारच्या ताणाने चिरते. दुखते बहुधा हाताच्या विरुद्ध बाजूस. प्रारंभी साध्या क्ष-किरण चित्रात चीर सहसा दिसत नाही. म्हणून प्रथम तपासणाऱ्या डॉक्टराने षटकांचा हिशेब विचारलाच पाहिजे. केवळ मलम देणे ही हयगयच! उपचार म्हणजे कित्येक महिने गोलंदाजी बंद. निवडचाचणीच्या तोंडावर सोळा वर्षांच्या मुलाला हे पटावे कसे? लिली १९७४ च्या अखेरीस पुन्हा कसोटी खेळले.