ब्रूज की गेंट?

ब्रसेल्सहून समुद्राच्या रोखाने निघालेली आगगाडी सुमारे अर्ध्या तासाने गेंटला थांबते आणि तेथून आणखी जवळजवळ तितक्याच वेळात ब्रूजला पोचते. लोहमार्ग एकच आणि गाडीही एकच. बेल्जियमच्या राजधानीत उतरलेल्या व हाती एकच मोकळा दिवस असलेल्या प्रवाशास म्हणूनच पेच पडतो. उतरावे कोठे? दोन्ही नगरे फ्लँडर्समधील. दोन्ही मध्ययुगात लोकरी कापडाच्या व्यापारावर गबर झालेली. दोहोंतही पाण्याच्या काठी उभी असलेली जुनी घरे, उंच मनोरे आणि तासातासाला वाजणाऱ्या घंटा. सकाळी एक पाहावे व दुपारी दुसरे, असा हिशेब पुष्कळजण करतात. तो कागदावर जमतो. पायांना जमत नाही, आणि डोळ्यांना तर मुळीच नाही. तेव्हा दोहोंतून एकाची निवड करणे भाग आहे. जुळ्या बहिणींसारखी भासणारी ही नगरे मुळात किती भिन्न आहेत, हे मात्र त्याआधी पाहिले पाहिजे.

ब्रूजचे भाग्य समुद्राने आणले आणि समुद्रानेच नेले. ११३४ साली मोठे वादळ होऊन किनारा फुटला व झ्विन नावाची खाडी जमिनीत आतवर शिरली. तिच्यातून जहाजे जवळच्या दाम गावापर्यंत येऊ लागली आणि तेथून लहान नावांतून माल थेट ब्रूजच्या पेठेत उतरू लागला. इंग्लंडची लोकर येथे आली. १२७७ मध्ये जिनोआचे व्यापारी तांडे भूमध्य समुद्रातून वळसा घालून येथवर पोचले. देशोदेशीचे सावकार ब्रूजमध्ये पेढ्या घालून बसले. व्हान देर बुर्झ नावाच्या एका कुटुंबाची तेथे पांथशाळा होती. तिच्या दारापुढील चौकात व्यापारी जमत, भाव ठरवीत, हुंड्यांची देवघेव करीत. युरोपातील कित्येक भाषांत शेअरबाजाराला आजही ‘बूर्स’ किंवा त्यासारखे नाव आहे, ते ह्या कुटुंबाच्या नावावरून पडले असे मानतात. कोणा राजाचे नाव इतके दूरवर गेलेले क्वचितच आढळेल!

परंतु खाडीत गाळ साचत होता. पंधराव्या शतकात मोठी गलबते येईनाशी झाली. त्यातच राजकारणाची भर पडली. १४८८ मध्ये ब्रूजच्या नागरिकांनी आपला अधिपती मॅक्झिमिलियन यालाच पकडून काही महिने कैदेत ठेवले व त्याच्या एका विश्वासू अधिकाऱ्याचा शिरच्छेद केला. ह्या अधिकाऱ्याचे नाव लांखाल्स. त्या भाषेत ‘लांब मान’ ह्या शब्दांशी ते नाव जुळते. म्हणून अशी दंतकथा आहे, की सुटका झाल्यावर मॅक्झिमिलियनने ब्रूजकरांना शिक्षा फर्मावली: तुमच्या कालव्यांत लांब मानेचे पक्षी, म्हणजे राजहंस, अखंड पाळत जा. कथा कथाच असेल. पण हंस आजही कालव्यांत आहेत. खरी शिक्षा निराळी होती. मॅक्झिमिलियनने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पकडे वळविले. व्यापारी गेले, त्यांच्यामागून पैसा गेला आणि ब्रूजमध्ये उरली ती रिकामी घरे.

पुढली तीनशे-साडेतीनशे वर्षे हे नगर जणू झोपी गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेल्जियममधील अत्यंत दरिद्री शहरांत त्याची गणना होत होती. दाराशी बसून तुटपुंज्या मजुरीवर लेस विणणाऱ्या बायकांची चित्रे आज प्रवासी हौसेने विकत घेतात. त्या बायकांच्या घरी रात्रीची चूल पेटत होती की नाही, हे चित्रात दिसत नाही. मात्र ह्याच दारिद्र्याने एक गोष्ट साधली. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा कोणापाशीच नसल्यामुळे जुने तसेच राहिले. १८९२ साली रोडेनबाख या लेखकाने ब्रूजला ‘मृत’ म्हणणारी एक कादंबरी लिहिली, आणि त्या मृत नगराच्या दर्शनासाठी लोकांची रीघ लागली. नगरवासीयांना हे विशेषण रुचले नाही, यात नवल नाही. ते तर त्याच सुमारास नवे बंदर बांधण्याच्या खटपटीत होते. झेब्रुग्ग हे ते बंदर १९०७ मध्ये खुले झाले. दुसरीकडे जुन्या घरांची डागडुजी आणि नवी घरेही जुन्या वळणाची बांधणे ह्यांना जोर आला. त्यामुळे आज जे मध्ययुगीन म्हणून दाखविले जाते त्यातील बरेचसे एकोणिसाव्या शतकात नव्याने घडविलेले आहे. डोळ्यांना ते खटकत नाही. तरी जाणत्या प्रवाशाने ते ध्यानात ठेवावे.

येथे अस्सल असे काहीच नाही, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. पेठेतील घंटाघर ८३ मीटर उंच असून त्याच्या ३६६ पायऱ्या चढून गेल्यावर तांबड्या कौलांचे सारे नगर पायांशी पसरलेले दिसते. जुन्या संत योहान रुग्णालयात, जेथे एके काळी आजारी व वाटसरू आश्रयास येत, तेथेच मेमलिंक या चित्रकाराने १४८९ मध्ये पूर्ण केलेली संत उर्सुलेची चित्रमय पेटी आहे. आणि विटांनी बांधलेल्या उंच मनोऱ्याच्या मातामंदिरात आहे मायकेलअँजेलोची संगमरवरी मूर्ती, माता आणि बालक. ब्रूजच्या एका कापडव्यापारी घराण्याने ती विकत घेतली होती. कलावंताच्या हयातीत इटलीबाहेर गेलेली त्याची ही शिल्पकृती. मातेची नजर बालकावर नाही, खाली कोठेतरी लागलेली आहे. बालक तिच्या गुडघ्यांमधून पुढे पाऊल टाकू पाहत आहे.

आता गेंट. ब्रूज झोपले, तर गेंटने डोळा म्हणून मिटला नाही. स्केल्ट व लेई ह्या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे नगर मुळापासूनच विणकरांचे, आणि विणकर मोठे बंडखोर. त्यांच्या श्रेणींना राजेही वचकून असत. आपल्या गावावर आपलाच अंमल, हा त्यांचा बाणा. तो त्यांना किती महाग पडला हे १५४० साली दिसले. स्पेनचा राजा आणि जर्मन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स हा ह्याच नगरात १५०० साली जन्मला होता. परक्या युद्धाकरिता मागितलेला कर देण्यास गेंटने नकार दिला, तेव्हा तो सैन्य घेऊन आपल्या जन्मग्रामी आला. पुढाऱ्यांची डोकी उडविली गेली, नगराचे हक्क काढून घेण्यात आले, आणि प्रतिष्ठित नागरिकांना व श्रेणींच्या प्रतिनिधींना अनवाणी, गळ्यात फास अडकवून सम्राटापुढे क्षमायाचना करीत चालत यावे लागले. तेव्हापासून गेंटकरांना ‘फासवाले’ म्हणून हिणवीत. हिणविणारे काळाच्या उदरात गडप झाले; गेंटकरांनी ते नाव मिरवण्याचे करून टाकले. दरसाल जुलैत भरणाऱ्या त्यांच्या उत्सवात पांढरे अंगरखे घातलेले, गळ्यात दोर अडकविलेले लोक ताठ मानेने मिरवणुकीत चालतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लीव्हेन बाऊवेन्स नावाच्या एका धाडसी माणसाने इंग्लंडातून सूतकताईच्या यंत्राचे भाग चोरून आणले. अशी यंत्रे बाहेर नेण्यास तेथे सक्त बंदी होती. इंग्लंडने त्याला त्याच्या गैरहजेरीत देहदंड ठोठावला. गेंटमध्ये त्या यंत्रांवर कापडगिरण्या उभ्या राहिल्या. फ्लँडर्सच्या अधिपतींची ११८० सालची दगडी गढी नगराच्या मध्यभागी आहे. एकोणिसाव्या शतकात तिच्याही भिंतींआड गिरणी चालू होती आणि आवारात कामगारांची बिऱ्हाडे होती! ज्या तटावरून सरदारांचे शिपाई पहारा करीत, तेथे सुताची फिरकी फिरू लागली. पुढे गढीची दुरुस्ती होऊन ती पाहण्यास खुली झाली. १८१७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात १९३० पासून लोकांच्या स्वतःच्या, म्हणजे डच, भाषेत शिक्षण मिळू लागले. त्यासाठीही वर्षानुवर्षे झगडावे लागले होते. आज संध्याकाळी नदीच्या जुन्या घाटावर, जेथे पूर्वी धान्याच्या नावा लागत, तेथे विद्यार्थी पाण्याकडे पाय सोडून बसलेले दिसतात.

गेंटचे मोठे धन संत बाव्हो मंदिरात आहे. ह्यूबर्ट व यान व्हान आयक ह्या बंधूंनी रंगविलेले, अनेक फळ्यांचे ते भव्य वेदीचित्र १४३२ मध्ये पूर्ण झाले. गवताचे पातेन्‌पाते, मुकुटातील रत्नेन्‌रत्ने त्यात निगुतीने रेखाटलेली आहेत. एप्रिल १९३४ मध्ये एका रात्री त्याच्या दोन फळ्या चोरीस गेल्या. एक परत मिळाली. ‘न्यायी न्यायाधीश’ ह्या नावाची दुसरी आजतागायत सापडलेली नाही. तिच्या जागी नक्कल बसविली आहे. २०१२ पासून चित्राची साफसफाई व दुरुस्ती सुरू झाली, तेव्हा मधल्या फळीवरील कोकराचा चेहरा पुढल्या काळातील कोणी दुसऱ्याच हाताने रंगविला होता असे आढळले. वरचा रंग हलक्या हाताने काढल्यावर खालून मूळचे कोकरू बाहेर आले. ते मेंढरासारखे बाजूस न पाहता माणसासारखे समोर रोखून पाहते. काहींना ते पाहून धक्काच बसला. चित्रकाराने मात्र तसेच रंगविले होते.

येथे दोन्ही नगरांच्या कथा एकत्र येतात. दुसऱ्या महायुद्धात गेंटचे वेदीचित्र आणि ब्रूजची माता व बालक ही दोन्ही जर्मनांच्या हाती पडली. ऑस्ट्रियातील आल्टआउस्से येथील मिठाच्या खाणीत, लुटून आणलेल्या हजारो चित्रांबरोबर, ती जमिनीखाली दडवून ठेवलेली होती. १९४५ मध्ये ती खाणीतून बाहेर आली आणि आपापल्या नगरी परतली.

तेव्हा निवड कशी करावी? वेळेचाच हिशेब आधी पाहू. ब्रूजला जाणारा बहुतेक प्रवासी सकाळी दहाच्या सुमारास पोचतो व संध्याकाळी परततो. म्हणजे नेमक्या ज्या वेळी सारेच तेथे असतात त्याच वेळी तोही असतो. कालव्यांवरील नावांसाठी रांगा लागतात, पेठेत चॉकलेट व लेस ह्यांची दुकाने गजबजतात, आणि ज्या शांततेसाठी हे नगर प्रसिद्ध ती त्याला मिळत नाही. ह्या गर्दीने नगरवासीयांसही जेरीस आणले. २०१९ मध्ये तेथील नगरपालिकेने एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांना बोलावणाऱ्या जाहिराती आवरत्या घेण्याचे ठरविले. घरधन्याने दार किंचित ओढून घेतले असता पाहुण्याने त्याचा अर्थ ओळखावा. ब्रूज पाहावे ते एक रात्र राहून. अखेरची गर्दीची गाडी गेली, की कालव्यांत दिव्यांची प्रतिबिंबे स्थिर होतात आणि घंटा वाजली की तिचा नाद पुलापुलांवरून ऐकू येतो.

एकच दिवस असेल, तर गेंट. त्याचे कामकाज प्रवाशावर अवलंबून नाही. बाजार, ट्राम, शाळा, कचेऱ्या आपापल्या वाटेने चालू असतात व पाहुणा त्यांत मिसळून जातो. स्थानकापासून जुने नगर थोडे दूर आहे, पण ट्राम नेऊन सोडते. संत मायकेलच्या पुलावर उभे राहिले, की एका रेषेत तीन मनोरे दिसतात, आणि गढी, घाट व वेदीचित्र एवढे पाहण्यास दिवस पुरतो. मेमलिंकसाठीच जो आला असेल त्याची गोष्ट अर्थातच वेगळी. त्याने गर्दी सोसून ब्रूज गाठावे आणि रुग्णालयाच्या जुन्या दालनात दुपार घालवावी.

गाडी गेंटच्या फलाटावर फार वेळ थांबत नाही. दप्तरे सावरीत विद्यार्थी उतरतात, कचेरीत जाणारे उतरतात. गळ्यात कॅमेरे अडकविलेले बहुतेकजण मात्र जागेवरच बसून असतात. त्यांच्यातून एखादा ऐनवेळी उठतो, नकाशाची घडी खिशात कोंबतो आणि दार बंद होण्यापूर्वी खाली उडी घेतो.